विरामचिन्हे, संक्षेप आणि मराठी विद्यार्थ्याचे इंग्रजी : चार नेहमीचे प्रश्न

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांतील विरामचिन्हांच्या व संक्षेपांच्या चुका सामान्यतः निष्काळजीपणाच्या खाती जमा केल्या जातात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे निदान पुरेसे नाही. त्यांच्या अनेक चुकांमागे नियम असतो. मात्र तो मराठीचा असतो. तो दाखवून देण्याचे काम मराठीच्या अध्यापकाला अधिक चांगले करता येईल, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मोडी लेखनात शब्दाशब्दांत अंतर सोडण्याचीही चाल नव्हती. आजची विरामचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात, छापील गद्याबरोबर व इंग्रजीच्या संपर्कातून रूढ झाली. मेजर थॉमस कँडी यांचा त्यात मोठा वाटा आहे. संक्षेप मात्र आपल्याकडे आधीपासून होते. जुन्या पत्रव्यवहारातील 'मुक्काम' याबद्दलचे 'मु।।', किंवा 'राजमान्य राजश्री' याबद्दलचे 'रा. रा.' ही त्याची परिचित उदाहरणे होत. म्हणजे चिन्हे बाहेरची आणि संक्षेपाची रीत घरची, असा हा संयोग आहे. विद्यार्थ्यांचा गोंधळ बव्हंशी येथूनच सुरू होतो.

पहिला प्रश्न : 'नंबर' या इंग्रजी शब्दात 'ओ' हे अक्षर नाही, मग त्याच्या संक्षेपात ते कोठून येते? नवीन पनवेलमधील एखादा पत्ता लिहिताना आपण 'प्लॉट नं.' किंवा 'भूखंड क्र.' असे लिहितो. शब्दाचा आरंभीचा अंश घ्यावा व पुढे बिंदू द्यावा, ही मराठीची रीत. इंग्रजीतील 'एन-ओ' हा संक्षेप मुळात इंग्रजी शब्दाचा नाहीच. तो 'न्युमेरो' या लॅटिन रूपाचे पहिले व शेवटचे अक्षर घेऊन झाला आहे. शेवटचे अक्षर राखलेल्या 'मिस्टर', 'डॉक्टर' यांच्या संक्षेपांपुढे ब्रिटिश लेखनात आज बहुधा बिंदू देत नाहीत, अमेरिकन लेखनात देतात. दोन्ही मान्य आहेत. एकाच लेखनात दोन्हींची सरमिसळ मात्र नसावी. १९७० साली स्थापन झालेल्या 'सिडको'चे नाव आद्याक्षरांचे असूनही ते शब्दासारखे उच्चारले जाते, म्हणून त्यात कोणी बिंदू देत नाही. 'एम. ए.' मध्ये आपण बिंदू देतो. पण देवनागरीत 'एम' हे त्या अक्षराचे पूर्ण नाव आहे, संक्षेप नव्हे. तेथील बिंदू ही केवळ इंग्रजी लेखनाची छाया होय.

दुसरा प्रश्न 'आय-ई' आणि 'ई-जी' यांतील भेदाचा. दोन्ही लॅटिन पदबंधांचे संक्षेप आहेत. पहिल्याच्या जागी 'म्हणजे' बसते, दुसऱ्याच्या जागी 'उदा.'. 'रायगड, म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा' येथे पहिला. 'रायगडमधील तालुके, उदा. पनवेल व उरण' येथे दुसरा. 'एट सेटेरा'च्या आधी 'अँड' का नको, याचेही उत्तर मराठीत आहे. 'वगैरे' या अरबी मूळ असलेल्या शब्दात 'व' म्हणजे 'आणि' अंतर्भूत आहे, तसाच 'एट'मध्येही. 'आणि वगैरे' ज्याच्या कानाला खटकते, त्याला तेही खटकावे.

तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, कारण तेथे अर्थच बदलतो. 'ती म्हणाली की, मी उद्या येईन' या वाक्यातला 'मी' म्हणजे 'ती' होय. मराठीत 'की' नंतर मूळ बोलणाऱ्याचे सर्वनाम व काळ जसाच्या तसा राहू शकतो. 'की' पुढे स्वल्पविरामही दिला जातो. विद्यार्थी हीच घडण उचलून 'शी सेड दॅट, आय विल कम टुमॉरो' असे लिहितो. इंग्रजी वाचकाच्या लेखी येणारी व्यक्ती आता 'ती' नसून वाक्य सांगणारा आहे. 'दॅट' वापरल्यास सर्वनाम व काळ बदलावा आणि पुढे स्वल्पविराम देऊ नये. मूळ शब्दच हवे असल्यास 'दॅट' गाळून अवतरणचिन्हे द्यावीत. केवळ स्वल्पविराम खोडून ही चूक सुधारत नाही.

चौथा प्रश्न 'अपॉस्ट्रॉफी'चा. मराठीत षष्ठीचे काम प्रत्यय करतो, त्यामुळे या चिन्हाला प्रतिरूप नाही, असे आपण म्हणतो. परंतु 'विद्यार्थ्याचे' आणि 'विद्यार्थ्यांचे' यांतील अनुस्वार जो भेद दाखवतो, तोच इंग्रजीत हे चिन्ह 'एस'च्या आधी आहे की नंतर, यावरून कळतो. मराठी रूप आधी लिहून पाहिल्यास जागा चुकत नाही. 'इट्स'च्या दोन रूपांपैकी 'त्याचे' या अर्थी चिन्ह नसते, कारण 'हिज', 'हर्स' यांप्रमाणे ते सर्वनामाचे रूप आहे. 'ते आहे' या अर्थी असते, कारण तेथे अक्षर गळले आहे.

या चारही प्रश्नांत विद्यार्थ्याला मराठीचे ज्ञान आड येत नाही. त्या ज्ञानाची जाणीव नसणे आड येते. मराठीच्या तासाला व्यावहारिक व्याकरण शिकवताना अशी वाक्ये शेजारी शेजारी ठेवली, तर लाल शाईच्या खुणेमागील कारण विद्यार्थ्याच्या हाती येईल आणि त्याचे मराठी लेखनही अधिक सावध होईल.