भातामागचा वाल आणि मातीत उरलेलं औषध

रायगडच्या किनाऱ्यावर, दिघीपासून वर अलिबागपर्यंत, भात कापलं की खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरायची रीत जुनी आहे. या वालाला वेगळं पाणी नसतं, खतही जवळपास नसतं. भातानं मागे ठेवलेल्या मातीवरच तो वाढतो. म्हणून भातावर मारलेलं तणनाशक हा वालाचाही प्रश्न ठरतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात औषध राहील कुठे, असं इथे सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. प्रेटिलाक्लोर, टू-फोर-डी ही भातातली नेहमीची तणनाशकं उबदार, ओल्या मातीत जिवाणू काही आठवड्यांत बऱ्याच अंशी मोडून टाकतात. पाऊस मात्र औषध मोडत नाही, नुसतं हलवतो: वरच्या खाचरातून खालच्या खाचरात, तिथून खाडीत. मोडायचं काम मातीचं, आणि प्रत्येक औषधाशी तिचं वागणं निराळं.

मेटसल्फ्युरॉन आणि क्लोरिम्युरॉन यांचं जोड-तणनाशक भातात वापरतात. त्यातला क्रियाशील घटक हेक्टरी अवघा 4 ग्रॅम पडतो, आणि कडधान्यं त्याला फार हळवी. कोकणची जांभी माती आम्ल असल्यानं ते इथे लवकर तुटतं. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तेच रेंगाळतं. भुईमूग-सोयाबीनमधल्या इमाझेथापायरचं नेमकं उलटं. आम्ल मातीत ते कणांना घट्ट चिकटतं आणि जास्त टिकतं. अमेरिकेत ते वापरलेल्या शेतात शुगरबीट घ्यायचं तर 40 महिने थांबा, असं लेबलवरच छापलेलं असतं. तेव्हा घाटावरच्या पाहुण्याला एखादं औषध मानवलं, एवढ्यावरून दिघीच्या खाचराबद्दल काहीच ठरत नाही.

यावर शेतकरी म्हणेल, बेणणीला माणूस आणायचा कुठून? घरटी एक जण मुंबईला, उरलेल्यांची मजुरी भाताला परवडत नाही. हे म्हणणं खोटं नाही, आणि तण सरसकट वाईट असतं असंही नाही. पोपटीच्या, म्हणजे वालाच्या शेंगा भाजायच्या, मडक्यात शेंगांभोवती घालतात तो भामरूडचा पाला तणाचाच. पण तणनाशक बंद करा, असं इथे म्हणायचंच नाही. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांत, लेबलावरच्या मात्रेत मारलेल्या फवाऱ्याला वालाच्या पेरणीपर्यंत तीनेक महिने मिळतात. घोटाळा होतो तो तण हटलं नाही म्हणून उशिरा मारलेल्या दुसऱ्या, वाढीव मात्रेच्या फवाऱ्यानं. तोवर पाऊस ओसरत आलेला असतो, माती सुकू लागते आणि औषध मोडण्याचा वेगही मंदावतो. मग वाल उगवतो, पण खुरटतो, कोवळी पानं पिवळी पडतात, मुळं आखूड राहतात, आणि दोष ओलीला किंवा बियाण्याला दिला जातो. शंका असेल तर कापणीआधीच फवारलेल्या खाचराची माती एका कुंडीत, न फवारलेल्या जागेची दुसरीत भरावी, दोन्हींत तेच बी लावावं आणि दोन-तीन आठवडे पाहावं. दुसरी कुंडी वगळली तर पहिलीतला पिवळेपणा औषधाचा की मातीचाच, हे कळायला मार्ग उरत नाही.