वायर गेली, वेळ गेला का?

टायपिंगचा नाद असलेली मंडळी कीबोर्डवर हात सैल सोडून खर्च करतात, पण वायरलेस म्हटलं की नाक मुरडतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: अक्षर उशिरा उमटतं. हिशेब करून पाहू. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये सहसा कीबोर्ड आणि संगणकाच्या दोन संपर्कांत किमान ७.५ मिलिसेकंद जातात. यूएसबी रिसीव्हरवाला चांगला कीबोर्ड दर मिलिसेकंदाला खबर देऊ शकतो. आता सेकंदाला १० अक्षरं टाइप केली, तरी दोन अक्षरांत १०० मिलिसेकंद असतात. गेम खेळणाऱ्यांनी कुरकुर करावी, लिहिणाऱ्यांनी कशाला?

खरा वैताग झोपेचा. बॅटरी वाचवायला कीबोर्ड मधूनमधून डुलकी काढतो आणि जागा होताना कधीकधी पहिलं अक्षर गिळतो. ‘नमस्कार’ लिहावं, तर पडद्यावर ‘मस्कार’! बटणांखालचे दिवे लावले तर बॅटरीही भराभर उतरते.

रिसीव्हर यूएसबी ३.० पोर्टला खेटून लावू नका. त्या पोर्टचा विद्युत गोंगाट नेमका रिसीव्हरच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. छोटी एक्स्टेन्शन वायर लावली की काम भागतं. (वायरलेससाठी वायर, हो.) सांकेतिकीकरण नसलेले स्वस्त कीबोर्ड मात्र टाळाच. त्यांवरचे पासवर्ड दुरून टिपता येतात, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलंय.

बोटांना मिळणारी मजा स्विचची असते, वायरची नव्हे. चेरी एमएक्स रेड स्विचचं बटण २ मिलिमीटर दाबलं की अक्षर उमटतं, वायर असो वा नसो. शिवाय एकच वायरलेस कीबोर्ड लॅपटॉपला, फोनला, टॅबला चालतो. घ्यायचाच तर यूएसबी-सी केबलवरही चालणारा घ्या.