नायलॉनला रबराची जोड

वैशाखात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील हवा अत्यंत शुष्क होते, आणि नायलॉनच्या वस्तू एरवीपेक्षा सहज मोडू लागतात. मुले दोष उन्हास देतील. ते अर्धेच खरे आहे. नायलॉन हवेतील पाणी शोषते व त्यामुळेच लवचीक राहते. हे पाणी उडाले की ते ठिसूळ बनते. तारा बांधण्याच्या दोन नायलॉनी पट्ट्यांपैकी एक दोन-तीन दिवस पाण्यात, दुसरी कडक उन्हात ठेवून मग दोन्ही वाकवाव्यात. वर्गास भेद कळेल.

जेथे खाच पडते तेथून चीर आरपार धावते. तिला अडविण्यासाठी नायलॉनमध्ये रबर मिसळतात. परंतु तेल-पाण्याप्रमाणे ही दोन्ही परस्परांत विरघळत नाहीत. म्हणून रबराच्या रेणुसाखळीस मॅलेइक अनहायड्राइड जोडतात. ते नायलॉनच्या साखळीच्या टोकाशी रासायनिक गाठ बांधते. मग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असे रबराचे कण सर्वत्र पसरतात. आघात झाला म्हणजे कण आतून फाटतात, भोवतालचे नायलॉन ताणले जाते आणि आघाताची ऊर्जा तेथेच खर्ची पडते. कणांमधील अंतर फार असल्यास लाभ होत नाही, हे सौहेंग वू यांनी १९८५ मध्ये दाखविले.

मातीच्या गिलाव्यातील भुसाही चीर अडवितो. मात्र तो धाग्याप्रमाणे धरून ठेवतो, रबर तसे करीत नाही. दृष्टांत देताना हा भेद सांगावा. रबर वाढविले की ताठपणा घटतो, म्हणून भार पेलणाऱ्या भागांत ते बेतानेच घालतात.