आगमनकाळ, नाताळ आणि धर्मगुरूंसाठी प्रार्थना

कॅथलिक उपासनावर्षाचा पहिला दिवस १ जानेवारी नव्हे. आगमनकाळाचा पहिला रविवार हा तो दिवस. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रेयाचा सण. त्याला सर्वांत जवळ येणारा रविवार हा आगमनकाळाचा आरंभ, म्हणून तो नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो. तिथून नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत वेदीवर आणि धर्मगुरूंच्या अंगावर जांभळा रंग असतो, तिसऱ्या रविवारी गुलाबी. १६ डिसेंबरपर्यंतची वाचने ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे पाहतात. १७ तारखेपासून सगळे लक्ष बेथलेहेमकडे वळते. या दिवसांत मठांत, धर्मग्रामांत आणि घरोघरच्या जपमाळेत आणखी एक हेतू धरण्याची प्रथा आहे, तो म्हणजे धर्मगुरूंसाठी प्रार्थना.

धर्मगुरूंसाठी प्रार्थना वर्षभर होतेच. प्रत्येक मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत पोप आणि स्थानिक बिशप यांच्या नावांबरोबर सर्व धर्मसेवकांचा उल्लेख येतो. अर्पणविधीच्या शेवटी धर्मगुरू लोकांकडे वळून त्यांना प्रार्थना करण्याची विनंती करतो, आणि लोक त्याच्या हातून होणाऱ्या बलिदानाचा स्वीकार व्हावा असे मागतात. पवित्र गुरुवारच्या तैलमिस्सेत धर्मगुरू आपली वचने पुन्हा उच्चारतात, तेव्हा बिशप लोकांना त्यांच्यासाठी आणि स्वतःसाठीही प्रार्थना करायला सांगतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये येशूच्या पवित्र हृदयाचा सण हा धर्मगुरूंच्या पावित्र्यासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून नेमला. मग आगमनकाळच वेगळा का? एक कारण जुन्या इतिहासात सापडते आणि दुसरे डिसेंबरातल्या कामाच्या वेळापत्रकात.

इतिहासातले कारण आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. प्राचीन रोममध्ये डिसेंबर हा गुरुदीक्षेचा महिना होता. पोपांच्या जुन्या चरित्रसंग्रहात एकेका पोपने किती धर्मगुरूंना आणि डीकनना दीक्षा दिली याच्या नोंदी आहेत, आणि त्यांत महिना वारंवार येतो तो डिसेंबर. पोप पहिले लिओ यांनी पाचव्या शतकाच्या मध्यावर डिसेंबरातल्या उपासावर दिलेली प्रवचने आजही उपलब्ध आहेत. त्याच शतकाच्या अखेरीस पोप गेलासियस यांनी दीक्षाविधीची सांगड वर्षातल्या ठरावीक उपासांच्या शनिवारांशी घातली. हे उपास वर्षातून चारदा येत. आगमनकाळातला उपास १३ डिसेंबरच्या संत लुसीच्या सणानंतरच्या बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी असे. बुधवारी आणि शुक्रवारी अवघा समाज उपाशी राहून प्रार्थना करी, आणि शनिवारी नव्या उमेदवारांच्या मस्तकी बिशपचे हात ठेवले जात.

या पद्धतीचा आधार 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून बर्णबा व शौल यांच्यावर हात ठेवले आणि मगच त्यांना कामगिरीवर धाडले, असे तेराव्या अध्यायात सांगितले आहे. धर्मगुरू घडवणे हे केवळ बिशपचे काम नाही, त्यासाठी लोकांनी आधी पोटाला चिमटा घ्यायचा असतो, हा विचार त्या तीन दिवसांत होता. १९६९ च्या पंचांग-सुधारणेनंतर या उपासांच्या तारखा ठरवणे ठिकठिकाणच्या बिशप परिषदांवर सोपवले गेले आणि बऱ्याच देशांत ते मागे पडले. ही हानी छोटी नाही. आगमनकाळात धर्मगुरूंसाठी प्रार्थना करणारे कुटुंब नकळत त्याच जुन्या वाटेने चालत असते.

दुसरे कारण कामाचे. एरवी कॅथलिक धर्मगुरूला दिवसातून एकच मिस्सा अर्पण करता येते. माणसे कमी असतील तर बिशपच्या परवानगीने दोन, आणि रविवारी वा सणाला खरोखर गरज असल्यास तीन. नाताळला मात्र प्रत्येक धर्मगुरूला आपापल्या वेळी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे: रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. ही परंपरा इतकी जुनी आहे की सहाव्या शतकाच्या अखेरचे पोप ग्रेगरी द ग्रेट यांच्या नाताळच्या प्रवचनातही त्या दिवशीच्या तीन मिस्सांचा उल्लेख येतो. शिवाय धर्मग्रामाच्या प्रमुखाने दर रविवारी आणि बंधनकारक सणाला एक मिस्सा आपल्या लोकांसाठी अर्पण करायची असते. नाताळलाही त्यातून सुटका नाही.

पण मिस्सांपेक्षा जड काम असते ते पापनिवेदनाचे. नाताळपूर्वी मन स्वच्छ करावे म्हणून माणसे वर्षभराच्या खंडानंतरही येतात. शेजारपाजारच्या धर्मग्रामांतले धर्मगुरू एकमेकांच्या मदतीला जातात, चर्चमध्ये जागोजागी खुर्च्या मांडल्या जातात आणि रांगा लागतात. एका खुर्चीत बसलेल्या माणसाने एका संध्याकाळी काय काय ऐकावे? मोडलेले संसार, भावाभावांतली न संपणारी भांडणे, व्यसने, गर्भपाताचा सल, आत्महत्येचे विचार. ऐकलेले अक्षरही बाहेर काढण्याची त्याला कायमची मनाई आहे. मित्राशी, सहकाऱ्याशी, बिशपशीही त्यातले काही बोलायचे नाही. डॉक्टर अवघड रुग्णाबद्दल दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेऊ शकतो. धर्मगुरूला माणसाची ओळख पटेल असे काही विचारताही येत नाही. हे ओझे हलके करायला देवाखेरीज कुणी नाही, आणि म्हणूनच लोकांची प्रार्थना इथे खऱ्या अर्थाने कामाची आहे.

त्यातच आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन कम्युनियन द्यायचे, गायकवृंदाची तालीम आणि गोठ्याची तयारी पाहायची, गरिबांसाठी जमा झालेल्या वस्तूंचे वाटप करायचे, आणि मृत्यू नाताळ पाहून थांबत नाही म्हणून अंत्यविधीही करायचे. जगभरात सुमारे १४० कोटी कॅथलिक आणि सुमारे चार लाख धर्मगुरू आहेत. म्हणजे सरासरी एकामागे साडेतीन हजार माणसे. सरासरी फसवी असते. कुठे एकाच चर्चला तीन धर्मगुरू असतात, कुठे एक धर्मगुरू डझनभर वाड्यावस्त्यांवर फिरतो. नाताळच्या दुपारी सगळे आपापल्या घरी पंगतीला बसलेले असताना लॅटिन परंपरेतला अविवाहित धर्मगुरू पुष्कळदा निवासात एकटाच असतो. प्रार्थनेबरोबर त्याला जेवायला बोलावणे हेही शहाणपणाचे.

या हेतूचा नाताळशी सर्वांत जवळचा संबंध आहे तो लिझ्यूच्या संत तेरेझाच्या चरित्रात. २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समध्ये जन्मलेली ही मुलगी लहानपणी फार हळवी होती, जरा काही झाले की रडायची. १८८६ च्या नाताळच्या रात्री मिस्सेहून घरी परतल्यावर ती जिना चढत असताना, शेकोटीपाशी तिच्या बुटांत ठेवलेल्या भेटींबद्दल थकलेल्या वडिलांनी काढलेले त्राग्याचे शब्द तिच्या कानी पडले. हे बालिश प्रकार यंदा शेवटचेच, असा त्यांचा सूर होता. डोळ्यांत आलेले पाणी गिळून ती खाली उतरली आणि हसत हसत एकेक भेट उघडू लागली. स्वतःभोवती फिरणारे मन त्या रात्री दुसऱ्यांसाठी मोकळे झाले, असे तिने पुढे आत्मचरित्रात लिहिले.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती रोमच्या यात्रेला गेली. सोबत पुष्कळ धर्मगुरू होते. तोवर तिने त्यांना वेदीपाशीच पाहिले होते. आता प्रवासात आणि जेवणाच्या टेबलावर पाहिले. त्यांच्या पदाची थोरवी तिला ठाऊक होतीच, आता ही माणसे किती दुबळी आहेत तेही उमगले. पापी माणसांसाठी प्रार्थना करायची हे समजते, पण धर्मगुरूंसाठी कशाला, या तिच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. एप्रिल १८८८ मध्ये पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली. व्रत घेण्यापूर्वी तिला मठात येण्याचे कारण विचारण्यात आले, तेव्हा आत्म्यांच्या तारणासाठी आणि विशेषतः धर्मगुरूंसाठी प्रार्थना करायला आल्याचे तिने सांगितले. पुढे मोरिस बेल्येर हा सेमिनरीतला तरुण आणि चीनला निघालेले आदोल्फ रूलाँ हे मिशनरी तिच्यावर 'भाऊ' म्हणून सोपवले गेले. त्यांच्याशी तिचा पत्रव्यवहार मृत्यूपर्यंत चालला. १४ डिसेंबर १९२७ रोजी पोप अकरावे पायस यांनी मठाबाहेर न पडलेल्या या मुलीला मिशनकार्याची आश्रयदाती नेमले, आणि तेही ज्यांचा सण ३ डिसेंबरला येतो त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने. झेवियर यांचे अवशेष जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकात आहेत, आणि सणाआधीची तिथली नोव्हेना आगमनकाळाच्या उंबरठ्यावरच होते.

झेवियर यांचे गुरुबंधू संत इग्नेशियस लोयोला यांची पहिली मिस्साही नाताळचीच. जून १५३७ मध्ये व्हेनिसला दीक्षा मिळाल्यावर त्यांना ख्रिस्ताच्या जन्मभूमीत जायचे होते, पण युद्धामुळे जहाज मिळाले नाही. दीड वर्ष थांबून त्यांनी १५३८ च्या नाताळच्या दिवशी रोमच्या सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकात, येशूच्या गव्हाणीचे अवशेष जिथे जपले आहेत तिथे, पहिली मिस्सा अर्पण केली.

आगमनकाळातली सर्वांत विलक्षण दीक्षा मात्र डाखाउच्या छळछावणीतली. हिटलरच्या राजवटीत तिथे अडीच हजारांहून अधिक धर्मसेवक कोंडले होते. म्युन्स्टर धर्मप्रांतातले कार्ल लाइस्नर हे त्यांच्यातले एक. १९३९ च्या मार्चमध्ये ते डीकन झाले, पण क्षयामुळे दीक्षा लांबली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रुग्णालयातच अटक झाली. हिटलरवरच्या फसलेल्या हल्ल्याबद्दल ते जे बोलले ते त्यांच्यावर उलटले होते. पाच वर्षांनी, १७ डिसेंबर १९४४ ला, आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी त्यांची दीक्षा झाली. छावणीतच कैदी असलेले फ्रेंच बिशप गाब्रिएल पिगे यांनी ती दिली. संबंधित बिशपांची लेखी संमती एका तरुण मुलीने छावणीत चोरून पोहोचवली होती. बिशपची काठी कैद्यांनीच लाकडात कोरली होती. तापाने फणफणलेल्या लाइस्नर यांना त्यानंतर नऊ दिवसांनी, २६ डिसेंबरला, संत स्तेफनच्या सणाला मिस्सा अर्पण करता आली. ती त्यांची पहिली आणि एकमेव मिस्सा. छावणी मुक्त झाली, पण १२ ऑगस्ट १९४५ ला ते वारले. १९९६ मध्ये बर्लिनमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. ही दीक्षा घडवायला बिशपचे हात पुरले नसते. संमतीपत्र आणणारी ती मुलगी, काठी कोरणारे हात आणि बराकीत प्रार्थना करणारे कैदी, सगळे लागले.

इथे एक रास्त शंका निघते. कॅथलिक शिकवणीनुसार संस्कारांचा प्रभाव ते देणाऱ्याच्या पावित्र्यावर अवलंबून नसतो. चौथ्या-पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेत दोनातवाद्यांशी झालेल्या वादात संत ऑगस्टीन यांनी हीच भूमिका लढवली: संस्कारात खरा कार्य करणारा ख्रिस्त आहे. मग धर्मगुरू कसाही असला तरी मिस्सा ग्राह्य असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना कशाला? उत्तर असे की त्या शिकवणीने लोकांना निश्चिंत केले, धर्मगुरूला नव्हे. दुसऱ्यांना क्षमा देणाऱ्याला स्वतःला दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकावे लागतात. शिवाय प्रवचनातला प्रामाणिकपणा, पापनिवेदनातला धीर, मरणाऱ्याच्या उशाशी बसण्याची तयारी या गोष्टी माणसावरच अवलंबून असतात. पौलानेही थेस्सलनीकाच्या मंडळीला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगितले.

प्रार्थना म्हणजे दोषांवर टाकलेला पडदाही नव्हे. २० डिसेंबर २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट रोमन क्युरियापुढे, म्हणजे व्हॅटिकनच्या प्रशासनापुढे, नाताळनिमित्त बोलले, तेव्हा मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंचा विषय त्यांनी उघडपणे मांडला. धर्मगुरूंना वाहिलेले वर्ष २०१० च्याच जूनमध्ये संपले होते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठी प्रार्थना आणि न्याय, दोन्ही आधी; धर्मगुरूंसाठीच्या प्रार्थनेत त्यांच्या शुद्धीची मागणी असायलाच हवी. ही प्रार्थना खरी असेल तर ती तक्रार दडपत नाही.

ही प्रार्थना करण्याच्या पद्धती साध्या आहेत. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांपैकी एक पेटवताना आपल्या धर्मग्रामाच्या फादरांचे नाव घेणे, जपमाळेचे एक दशक त्यांना देणे, आठवड्याचा एक उपास त्यांच्यासाठी करणे. डिसेंबर २००७ मध्ये, निष्कलंक मातेच्या सणाला, व्हॅटिकनच्या धर्मगुरुविषयक विभागाने पवित्र साक्रामेंताच्या आराधनेतून धर्मगुरूंसाठी प्रार्थना करण्याचे आणि विशेषतः स्त्रियांनी त्यांचे आध्यात्मिक मातृत्व पत्करण्याचे आवाहन केले. यात निवृत्त, आजारी, एकाकी आणि पद सोडून गेलेल्या धर्मगुरूंना विसरू नये, तसेच सेमिनरीतल्या मुलांनाही: गोव्याच्या राशोलमध्ये, मुंबईत गोरेगावच्या संत पायस दहावे सेमिनरीत आणि १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत सुरू होऊन १९५५ मध्ये पुण्यात आलेल्या पेपल सेमिनरीत ही मुले शिकतात. वसईसारख्या जुन्या कॅथलिक पट्ट्यात तर धर्मगुरू बहुधा कुणाच्या तरी घरातलाच मुलगा, काका किंवा मामा असतो, त्यामुळे ही प्रार्थना तिथे कुटुंबातल्या माणसासाठीच होते. नाताळकाळ २५ डिसेंबरला संपत नाही. तो येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, आणि गर्दी ओसरल्यावरचे ते शांत दिवस दमलेल्या धर्मगुरूंसाठी प्रार्थना चालू ठेवायला सोयीचे असतात.