फूल थंडीत, फलन मे महिन्यात

अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत ऑक्टोबर संपत आला की पानगळही उरकत येते. मेपल ओकेबोके होतात, मधमाश्या पोळ्याबाहेर पडेनाशा होतात आणि नेमके तेव्हाच एक झुडूप पिवळ्या फुलांनी भरून जाते. हे विच हेझल, शास्त्रीय नाव हॅमामेलिस व्हर्जिनियाना. कीटकांचा हंगाम सरल्यावर फुलणे हा वरवर पाहता आतबट्ट्याचा व्यवहार आहे. हे झुडूप तो निभावते कसे?

पहिली तजवीज पाकळ्यांची. प्रत्येक फुलाला फितीसारख्या अरुंद अशा चारच पाकळ्या असतात. गारठा वाढला की त्या आत गुंडाळल्या जातात आणि ऊब मिळताच उलगडतात. त्यामुळे फुलांचा बहर कित्येक आठवडे टिकतो. त्या काळात स्पर्धक फुले जवळपास नसतात, म्हणून जो कीटक बाहेर पडेल तो इकडेच वळण्याची शक्यता मोठी. दिवसा काही माश्या येतात. रात्रीच्या पाहुण्यांचा छडा कीटकशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिश यांनी लावला. थंडीत वावरणारे काही पतंग दिवसभर पालापाचोळ्याखाली दडून बसतात. अंधार पडल्यावर ते उडण्याचे स्नायू थरथरवून छातीचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात आणि मगच उडतात.

एवढे होऊनही फार थोड्या फुलांना फळ धरते. ज्यांना धरते, त्यांनाही घाई नसते. शरदात पराग फुलावर पडतो, पण प्रत्यक्ष फलन होते पुढच्या मे महिन्याच्या सुमारास. कोवळ्या बीजाला कडाक्याची थंडी सोसावी लागत नाही आणि त्याच्या पोषणासाठी झाडावर नवी पानेही आलेली असतात. बोंड पिकेपर्यंत पुन्हा शरद उजाडतो, म्हणून गेल्या वर्षीची बोंडे आणि यंदाची फुले एकाच फांदीवर दिसतात.

बी पसरवण्यासाठी मात्र कुणाचीच वाट पाहावी लागत नाही. बोंड सुकताना त्याचे आतले कठीण आवरण आकसते आणि गुळगुळीत काळ्या बीला चिमटत जाते. ताण पुरेसा वाढला की बी सटकन बाहेर फेकली जाते. चिनी जातीवरच्या अभ्यासात हा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर भरला. हवेत बी स्वतःभोवती गरगर फिरत कित्येक मीटर दूर पडते. जमिनीत रुजायलाही तिला अनेकदा दोन हिवाळे लागतात.

बागांतले विच हेझल बहुधा आशियाई वंशाचे असते. चार्ल्स मेरीज यांनी १८७९ मध्ये चीनमधून इंग्लंडला पाठवलेली हॅमामेलिस मोलिस ही जात व्हीच यांच्या रोपवाटिकेत सुमारे २० वर्षे दुर्लक्षित राहिली. तिचा जपानी जातीशी झालेला संकर बोस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये ओळखला गेला आणि १९४५ मध्ये आल्फ्रेड रेडर यांनी त्याला ‘इंटरमीडिया’ हे नाव दिले. जानेवारी ते मार्चदरम्यान पिवळ्या, नारिंगी, तांबड्या रंगांत फुलणारे बहुतेक वाण याच संकरातले.

कळ्या नीट उमलायला कडक हिवाळा लागत असल्याने आपल्याकडे विच हेझल भेटते ते झाडाच्या रूपात नव्हे, तर त्वचेसाठीच्या टोनरच्या बाटलीवर. त्याचे एक भाईबंद मात्र काश्मीरच्या डोंगरांत आहे: पॅरोशिऑप्सिस जॅकमाँटियाना. हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिक्टर जॅकमाँ १८३२ मध्ये मुंबईत वारले.

थंड प्रदेशात हे झुडूप लावायचे तर पाण्याचा निचरा होणारी, किंचित आम्लधर्मी जमीन आणि भरपूर ऊन हवे. छाटणी करायचीच, तर फुले ओसरल्यावर आणि बेताची. खरी नजर ठेवायची ती कलमाच्या सांध्याखाली, कारण संकरित वाणांसाठी खुंट बहुधा अमेरिकी रानजातीचाच असतो. फेब्रुवारीत फुलणाऱ्या झुडपाच्या बुंध्याशी नोव्हेंबरातच पिवळी फुले आली, तर खुंटाला फुटवे आले आहेत असे समजावे आणि ते लगेच मुळाशी काढून टाकावेत. नाहीतर जोमदार खुंट हळूहळू कलमाला दाबून टाकतो.