बिनतारी विमानाचा तोल आणि उड्डाणाची तयारी

विमानविद्येचे पहिले धडे जमिनीवरच गिरवावे लागतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेची स्थापना १९५० साली झाली. या शाखेच्या शिक्षणक्रमात एरोमॉडेलिंगला, म्हणजे विमानांच्या छोट्या प्रतिकृती बांधून उडविण्याला, स्थान आहे ते याच कारणाने. हा छंद केवळ शहरातील विद्यार्थ्यांपुरता राहण्याचे कारण नाही. हिंगोली जिल्ह्यातील साखरा यांसारख्या गावी पीक निघाल्यावर मोकळी होणारी शिवारे यासाठी उत्तम ठरतात. मात्र मोडलेला सुटा भाग मिळविण्यासाठी तेथून मोठे शहर गाठावे लागते. महिनाभर खपून बांधलेले विमान पहिल्याच उड्डाणात मातीमोल होऊ नये, तसेच त्यापासून कोणास इजा पोहोचू नये, यासाठी पूर्वतयारीस विशेष महत्त्व आहे.

तोलाचे तत्त्व

बैलगाडीत मागील बाजूस अधिक माल भरला की गाडी उलाळते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. विमानाचेही तसेच आहे. विमानाचे सारे वजन ज्या बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, त्या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. तो योग्य जागी असेल, तर वाऱ्याच्या झोताने उचलले गेलेले नाक शेपटीच्या पंखांमुळे आपोआप पूर्वस्थितीवर येते. तो फार मागे गेल्यास नाक वरच उठत जाते, वेग मंदावतो, पंखांची उचल संपते आणि विमान कोसळते. गुरुत्वमध्य थोडा पुढे असल्यास विमान जड वाटते, पण आवाक्यात राहते. राइट बंधूंचे १९०३ चे विमानही याच कारणाने अस्थिर होते. त्याचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे झाले आणि तेवढ्या वेळातही ते वरखाली हेलकावे घेत होते.

तोल कसा पाहावा?

सामान्य सरळ पंखाच्या विमानात गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर असावा. पंख २४ सेंटिमीटर रुंद असेल, तर हे अंतर ६ ते ८ सेंटिमीटर येते. आराखड्यात जागा दिलेली असल्यास तीच प्रमाण मानावी. दोन्ही पंखांखाली त्या जागी खूण करावी आणि बॅटरीसह सर्व साहित्य बसवून विमान खुणांवर दोन बोटांनी उचलावे. इंधनावर चालणाऱ्या विमानाची टाकी या वेळी रिकामी असावी. विमान आडवे, किंवा नाकाकडे किंचित झुकलेले राहिले, म्हणजे तोल साधला.

शेपूट खाली गेल्यास प्रथम बॅटरी पुढे सरकवावी. समजा, १,२०० ग्रॅम वजनाच्या विमानाचा गुरुत्वमध्य १ सेंटिमीटर मागे आहे. अशा वेळी २०० ग्रॅमची बॅटरी ६ सेंटिमीटर पुढे नेली की काम भागते. तशी जागा नसल्यास, योग्य गुरुत्वमध्यापासून २० सेंटिमीटर पुढे, नाकात, ६० ग्रॅम शिसे घट्ट बसवावे लागेल. शेपटीचे काम हलके का ठेवावे, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

यानंतर विमान नाक व शेपूट येथे धरून अधांतरी उचलावे. एक पंख वारंवार खाली येत असल्यास दुसऱ्याच्या टोकास थोडे वजन लावावे.

नियंत्रणाची तपासणी

प्रक्षेपक आधी सुरू करावा आणि विमानातील ग्राहक नंतर. बंद करताना क्रम उलटा ठेवावा. विमानाच्या मागे उभे राहून दांडी उजवीकडे केली असता उजव्या पंखाची झडप वर व डाव्याची खाली गेली पाहिजे. दांडी मागे ओढल्यावर शेपटीची आडवी झडप वर उचलली पाहिजे. ही दिशा उलटी राहून गेली, तर हवेत ती सुधारण्यास अवधी मिळत नाही. प्रक्षेपकावर कमी शक्तीची चाचणी करण्याची सोय असते. ती वापरून सुमारे ३० पावलांवरून सर्व झडपा नीट हलतात का, हे पाहावे. संदेश तुटल्यास मोटर आपोआप बंद होईल, अशी योजनाही करून ठेवावी.

बॅटरी जोडताच पंखा फिरू शकतो, असे समजून हात व चेहरा त्याच्यापासून दूर ठेवावा. घरात तपासणी करताना पंखा काढून ठेवणेच उत्तम. लिथियम बॅटरी भारित करताना कोणीतरी जवळ असावे. फुगलेली बॅटरी वापरू नये.

मैदानावर

मराठवाड्यात दुपारी तापलेल्या काळ्या जमिनीवरून उष्ण हवा उसळते आणि वावटळीही उठतात. म्हणून पहिल्या उड्डाणासाठी सकाळची शांत वेळ निवडावी. वीजवाहिन्या, रस्ते, गुरे व माणसे यांपासून दूर राहावे. भेगाळलेल्या रानात चाके अडकतात, म्हणून तेथे हाताने सोडावयाचे विमान बरे. ते नेहमी वाऱ्याच्या दिशेस तोंड करून सोडावे.

केंद्र शासनाचे ड्रोन नियम, २०२१ अशा विमानांनाही लागू आहेत. त्यांतील हिरव्या, पिवळ्या व तांबड्या क्षेत्रांच्या नकाशावर आपली जागा पाहून घ्यावी, नोंदणीच्या प्रचलित अटी जाणून घ्याव्यात आणि विमान सदैव नजरेच्या टप्प्यात ठेवावे.

तराजू, मोजपट्टी आणि थोडा संयम एवढ्या साहित्यावर ही तयारी होते. शाळेत भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेला तरफेचा नियम येथे विद्यार्थ्याच्या दोन बोटांवर प्रत्यक्ष उतरतो. विज्ञान शिक्षकांनी ही संधी अवश्य साधावी.