विश्लेषण : ताटात लोह आहे, मग रक्तात का उतरत नाही? भाकरी, लिंबू आणि जेवणानंतरच्या चहाचे गणित…

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय आहे. 2015-16च्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे आकडा कमी होण्याऐवजी वाढला. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी लोहाची कमतरता हे त्यातील मोठे कारण. ते लोह रोजच्या, परवडणाऱ्या जेवणातून कसे मिळवायचे?

रोज किती लोह लागते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ महिलेला रोज 29 मिलिग्रॅम, तर पुरुषाला 19 मिलिग्रॅम लोह मिळायला हवे. मासिक पाळीत रक्त जात असल्याने महिलांची गरज जास्त असते. घराघरांत मात्र उलटे घडते. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेल्या भाजीवर जिचे जेवण होते, तिलाच लोहाची सर्वाधिक गरज असते.

कशात किती लोह?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या अन्नघटक तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या पदार्थातील लोह साधारण असे:

• मटकी : 8 मिलिग्रॅम
• बाजरी : 6.4 मिलिग्रॅम
• नाचणी : 4.6 मिलिग्रॅम
• शेवग्याचा पाला : 4.6 मिलिग्रॅम
• ज्वारी : 4 मिलिग्रॅम
• पालक : 3 मिलिग्रॅम
• पांढरा तांदूळ : 0.7 मिलिग्रॅम

लोहासाठी पालकाचे नाव आधी घेतले जाते, पण शेवग्याचा पाला त्याच्या पुढे आहे. बाजरीत पॉलिश केलेल्या तांदळाच्या जवळपास नऊपट लोह आहे. महागड्या पावडरींच्या डब्यांकडे वळण्याआधी पिठाचा डबा बदलून पाहण्यासारखा आहे.

गूळ खाल्ल्याने रक्त वाढते का?

गुळात लोह असते, पण आपण तो खातो किती? 10 ग्रॅमच्या खड्यातून मिळणारे लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असते. 29 मिलिग्रॅमची गरज केवळ गुळावर भागवायची तर रोज अर्ध्या किलोहून अधिक गूळ पोटात जाईल. चवीपुरता गूळ ठीक, औषध म्हणून नाही.

मग ताटात असूनही लोह कमी का पडते?

धान्य, कडधान्ये आणि भाज्यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. पोटात गेलेल्या अशा लोहापैकी बहुतेकदा दहा टक्क्यांहूनही कमी भाग रक्तापर्यंत पोहोचतो. धान्य-कडधान्यांतील फायटेट आणि चहा-कॉफीतील टॅनिन लोहाला बांधून ठेवतात. मटण, कलेजी, मासळी यांतील लोह मात्र तुलनेने चांगले शोषले जाते. त्यामुळे शाकाहारी ताटात ‘किती’ इतकेच ‘कशाबरोबर’ हेही महत्त्वाचे.

शोषण वाढवायचे कसे?

लिंबू पिळा : ‘क’ जीवनसत्त्व लोहाचे रूप बदलून ते शोषण्याजोगे करते. हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते. म्हणून लिंबू भाजी शिजताना नव्हे, ताटात वाढल्यावर पिळावे. आवळा, कच्ची कोशिंबीर किंवा पेरूची फोडही चालते. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असते.

मोड आणा : कडधान्य भिजवून मोड आणले की फायटेट कमी होते. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत म्हणूनच शास्त्रीयदृष्ट्याही योग्य ठरते.

लोखंडी तवा-कढई वापरा : विशेषतः टोमॅटोसारखे आंबट पदार्थ शिजताना भांड्यातील थोडे लोह अन्नात उतरते.

चहा लांबवा : जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या आहार मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

एका दिवसाचे गणित काय?

100 ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरी, 30 ग्रॅम मटकीची उसळ आणि 100 ग्रॅम शेवग्याच्या पाल्याची भाजी एवढ्यातून साधारण 13 मिलिग्रॅम लोह मिळते. एका जेवणात गरजेचा जवळपास निम्मा वाटा झाला. भाकरीऐवजी तेवढ्याच तांदळाचा भात घेतला, तर हाच आकडा 8च्याही खाली येतो. भात सोडण्याची गरज नाही. एका वेळी भात, एका वेळी भाकरी एवढा बदलही फरक पाडतो.

आहार पुरेसा आहे का?

नेहमीच नाही. सतत थकवा, जिना चढताना धाप लागणे, चक्कर येणे, पाळीत जास्त रक्तस्राव होणे अशी लक्षणे असतील, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गर्भवती नसलेल्या महिलांमध्ये ते 12 ग्रॅम प्रतिडेसीलिटरपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. त्यामागे ‘ब-12’ची कमतरता, जंत किंवा अन्य आजारही असू शकतो. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल, तर आहार सुधारला म्हणून ती परस्पर बंद करू नये. ही गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेणेही टाळावे. गर्भवतींनी ‘बाजरी खातेच आहे’ म्हणून तपासणी पुढे ढकलू नये.